रंग ओळखणारे आणि रंग घडविणारे

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विज्ञान दिनाच्या व्याख्यानासाठी पत्रकाराला बोलवावे, आणि तोही कला शाखेचा पदवीधर असावा, यात संयोजकांचे धाडसच आहे. तरीही मी आलो, कारण रसायनशास्त्रातील एक विषय गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसला आहे. त्याचा धागा आपल्या स्वयंपाकघरातून निघतो, चंपारणच्या शेतांतून जातो आणि आपल्या खिशातील मोबाइलच्या पडद्यावर येऊन पोहोचतो. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना जे गवसले, ते प्रकाश आणि रेणू यांचे नाते होते. आजचा विषयही त्याच नात्याचा आहे. शास्त्रज्ञांच्या भाषेत त्याला 'संयुग्मी सेंद्रिय रेणूंची घडण आणि त्यांचे प्रकाशीय गुणधर्म' असे म्हणतात. नाव ऐकून दडपून जाऊ नका. आपण हळदीपासून सुरुवात करू.

हळदीचे तीन चमत्कार

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की घरातली गृहिणी त्याला साबण लावते आणि पिवळा डाग क्षणात लालसर होतो. पाण्याने साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा दिसतो. तोच सदरा दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला की डाग फिका पडतो. तिसरा चमत्कार मुलांना दाखवण्याजोगा आहे. चिमूटभर हळद हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्ये विरघळवा आणि अंधारात तिच्यावर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा उजेड टाका. ते द्रावण हिरवट-पिवळ्या प्रकाशाने चमकू लागते.

आपल्या आजीला यातील पहिल्या दोन गोष्टी ठाऊक होत्या. पूर्वी कुंकू हळदीपासूनच होत असे. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस यांची पुटे देऊन ते केले जाई. क्षाराच्या संगतीत हळद लाल होते, हे ज्ञान आपल्या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या होते. पण ती लाल का होते? या 'का'चे उत्तर मात्र आपल्याकडे शोधले गेले नाही. हळदीतील रंगद्रव्य, म्हणजे कुर्कुमिन, १८१५ साली युरोपात वेगळे करण्यात आले. त्याची रचना १९१० साली तिकडेच उलगडली आणि १९१८ साली तेथील प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयारही झाले. हळद आपली, पण हळदीचे व्याकरण दुसऱ्यांनी लिहिले. ही बोच मनात ठेवूनच पुढे जाऊ.

रेणूच्या पोटातील तार

सेंद्रिय रेणू म्हणजे मुख्यतः कार्बनच्या अणूंची साखळी. या साखळीत दोन शेजारच्या अणूंमध्ये कधी एकेरी बंध असतो, तर कधी दुहेरी. एकेरी, दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी असे बंध आलटून पालटून आले की एक विलक्षण गोष्ट घडते. दुहेरी बंधातले काही इलेक्ट्रॉन आपल्या दोन अणूंपुरते बांधलेले राहत नाहीत. ते सबंध साखळीभर पसरतात. अशा रेणूला संयुग्मी रेणू म्हणतात.

येथे तंबोऱ्याची आठवण ठेवावी. तार आखूड तर स्वर उंच, तार लांब तर स्वर खाली. इलेक्ट्रॉनांना वावरायला मिळालेली साखळी ही अशीच एक तार आहे. साखळी आखूड असेल तर इलेक्ट्रॉनाला वरच्या पायरीवर चढवायला जास्त ऊर्जा लागते. ती ऊर्जा अतिनील किरणांकडेच असते, म्हणून असा रेणू अतिनील किरण शोषतो आणि आपल्या डोळ्यांना बिनरंगी दिसतो. दोन दुहेरी बंधांचा ब्यूटाडाईन हा रेणू सुमारे २१७ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतो. तीन दुहेरी बंधांच्या रेणूत हा आकडा २५८ च्या आसपास जातो. साखळी वाढत जाते, तसतशी लागणारी ऊर्जा कमी होते आणि शोषण दृश्य प्रकाशाच्या अंगणात येते. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये अकरा संयुग्मी दुहेरी बंध असतात. ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश गिळते. पांढऱ्या प्रकाशातून निळा वजा झाला की उरलेला उजेड डोळ्यांना नारिंगी दिसतो. गाजराचा रंग म्हणजे ही वजाबाकी आहे.

हळदीचेही तेच. कुर्कुमिनच्या रेणूत दोन वलये आहेत आणि त्यांना जोडणारा सात कार्बनांचा पूल आहे. हा सबंध पूल संयुग्मी असल्यामुळे तो निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि हळद पिवळी दिसते. साबणातील अल्कली या रेणूचे प्रोटॉन काढून घेते, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषण लांब तरंगांकडे सरकते आणि डाग लाल होतो. उन्हात तो पूल तुटतो, साखळी खंडित होते आणि रंग जातो. टॉर्चखाली रेणू अतिनील ऊर्जा घेतो, थोडी आत जिरवतो आणि उरलेली दृश्य प्रकाशाच्या रूपाने परत देतो. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. तीन चमत्कार आणि त्यांच्या मागे एकच कारण!

आणि हे सारे पाहणारा आपला डोळा? त्याच्या पडद्यावर 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा संयुग्मी रेणू असतो. प्रकाशकण आदळला की या वाकलेल्या रेणूचा एक सांधा सरळ होतो आणि तेथून मेंदूकडे संदेश निघतो. या संशोधनासाठी जॉर्ज वाल्ड यांना १९६७ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. रंग देणारा संयुग्मी रेणू आणि रंग पाहणाराही संयुग्मी रेणू, अशी निसर्गाची योजना आहे.

नीळ : नाव आमचे, ज्ञान त्यांचे

आता हळदीकडून निळीकडे वळू. येथे कथा रसायनशास्त्रापुरती राहत नाही. ती इतिहासाची आणि माणसांच्या पोटाची होते.

युरोपीय भाषांतील 'इंडिगो' या शब्दाचा मूळ अर्थच 'भारतातून आलेले' असा आहे. संस्कृत 'नील' शब्द अरबीतून पोर्तुगीजांकडे 'अनिल' म्हणून गेला. एकोणिसाव्या शतकात निळीवर प्रक्रिया करून युरोपात एक तेलकट द्रव मिळवला गेला आणि त्याला 'अॅनिलीन' असे नाव पडले. पुढे सबंध जगाचा कृत्रिम रंगांचा उद्योग ज्या द्रव्यावर उभा राहिला, त्याच्या नावात आपला 'नील' दडलेला आहे.

निळीचे काम मोठे कौशल्याचे. पाने पाण्यात कुजवायची, ते पाणी घुसळून त्याला हवा द्यायची, तळाशी बसलेल्या निळ्या गाळाच्या वड्या पाडायच्या. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगारी ती पिंपात आंबवतो. तेथे तिचे क्षपण होते, संयुग्मी मांडणी मोडते आणि निळा रंग मावळून पिवळट-हिरवे द्रावण तयार होते. कापड त्यात बुडवून बाहेर काढले की ते आधी हिरवट पिवळे असते आणि हवेतील ऑक्सिजन लागताच पाहता पाहता निळे होते. तुटलेली साखळी पुन्हा जोडली जाते, तीही धाग्याच्या आत. म्हणून ती धुण्याने सहजी जात नाही. आपल्या रंगाऱ्यांना हे कसब शतकानुशतके अवगत होते.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याचा प्रयत्न केला. अॅनिलीनवर प्रयोग करताना हाती काळा गाळ आला आणि त्यातून जांभळा रंग निघाला. पुढच्याच वर्षी त्याने कारखाना उभारला. पण या दारातून पुढे धावले ते जर्मन. १८६५ साली अॅडॉल्फ फॉन बायर यांनी निळीच्या रेणूचा ध्यास घेतला. १८८० पर्यंत त्यांनी तो प्रयोगशाळेत घडवून दाखवला आणि १८८३ साली त्याची रचना मांडली. अठरा वर्षे एका रेणूसाठी!

रचना कळली तरी स्वस्त उत्पादन जमत नव्हते. र्‍हाइन नदीकाठच्या बीएएसएफ या कंपनीने त्यासाठी सुमारे १ कोटी ८० लाख सुवर्ण मार्क खर्च केले, असे सांगतात. शेवटचा अडसर कच्च्या मालाचा होता. आपण कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थलीनपासून सुरुवात करायची होती, पण पहिलीच अभिक्रिया रखडत होती. एके दिवशी भांड्यातील तापमापी फुटली, पारा आत सांडला आणि अभिक्रियेने एकदम वेग घेतला. पारा उत्प्रेरक ठरला होता. अपघात कोणाच्याही प्रयोगशाळेत होतो. त्याचा अर्थ ओळखायला तयारीचा माणूस तेथे उभा असावा लागतो. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. १९०५ साली बायर यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

चंपारणचा हिशेब

१८९७ च्या सुमारास जगात वनस्पतीपासून सुमारे १९,००० टन नीळ होत असे आणि तिच्यात भारताचा वाटा सर्वांत मोठा होता. १९१४ पर्यंत हे उत्पादन सुमारे १,००० टनांवर आले. अवघ्या सतरा वर्षांत!

आता कोणी म्हणेल, बरे झाले. निळीने आपल्या शेतकऱ्याचे रक्तच प्यायले होते. १८५९-६० मध्ये बंगालचे शेतकरी निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठले होते. दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक १८६० सालचे. मग पीक गेले म्हणजे शेतकरी सुटला असेल, असे आपल्याला वाटते. पण घडले उलटे, आणि ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

बिहारातील चंपारणमध्ये 'तीनकठिया' पद्धत होती. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यातील तीन कठ्ठ्यांत कुळाने मळेवाल्यासाठी नीळ पेरलीच पाहिजे, अशी सक्ती होती. जर्मन निळीने भाव पाडले तेव्हा गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला. 'निळीतून मोकळे करतो' म्हणायचे आणि त्या बदल्यात कोठे खंड वाढवून घ्यायचा, कोठे 'तावान' नावाची ठोक रक्कम उकळायची, असा प्रकार सुरू झाला. पुढे महायुद्धात जर्मन रंगांची आवक थांबली, भाव चढले आणि निळीची सक्तीही पुन्हा डोके वर काढू लागली. राजकुमार शुक्ल नावाच्या शेतकऱ्याच्या आग्रहावरून महात्मा गांधी एप्रिल १९१७ मध्ये चंपारणला गेले. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही. हजारो कुळांच्या जबान्या घेतल्या गेल्या, चौकशी समिती नेमली गेली, तावानाचा चौथा हिस्सा परत करण्याचे ठरले आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया रद्द झाली.

बंधू-भगिनींनो, चंपारणचा सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. पण त्या सत्याग्रहामागे र्‍हाइन नदीकाठी घडवलेला एक रेणू उभा होता, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. चंपारणच्या शेतकऱ्याने बायर यांचे नावही ऐकले नसेल. तरी त्या प्रयोगशाळेतील यशाची किंमत त्याने मोजली. यात त्या शास्त्रज्ञाचा दोष नाही. जुलूम मळेवाल्यांचा होता आणि त्याला आधार परकीय सत्तेचा होता. पण समाज म्हणून आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे. ज्या वस्तूवर आपले पोट आहे, तिचे अंतरंग आपल्याला ठाऊक नसेल, तर दुसरा कोणीतरी ते जाणून घेईल आणि आपले भवितव्य आपल्याला न विचारताच ठरून जाईल.

माटुंग्यातील उत्तर

या धड्याचे उत्तर आपल्या माणसांनी दिले, आणि ते आपल्या महाराष्ट्रात दिले, हे सांगताना आनंद होतो. मुंबईच्या कापड उद्योगाला रंगशास्त्र जाणणारी माणसे हवी होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे यूडीसीटी, सुरू झाला. आज ती संस्था आयसीटी या नावाने ओळखली जाते. १९३८ साली प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. फुलांना पिवळा रंग देणाऱ्या फ्लेव्होन या संयुग्मी द्रव्यांची घडण हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ती घडवण्याच्या एका अभिक्रियेला आजही जगभर 'बेकर-वेंकटरामन' हे नाव आहे. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथमालेचा आरंभ १९५२ साली झाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांनी ती संदर्भ म्हणून वापरली. ज्या देशाची नीळ हिरावली गेली, त्या देशातील एका प्राध्यापकाने सर्व जगाला रंगांचे शास्त्र शिकवले. पुढे १९५७ ते १९६६ या काळात ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होते.

याच यूडीसीटीचे विद्यार्थी डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत दिले गेले, तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथातील उल्लेख आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय लेख असे पुरावे मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपण सर्वांनी तेव्हा पेढे वाटावेत इतका आनंद मानला, आणि तो रास्तच होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही लढाई होते ते राखण्याची होती. ती पोथीच्या आधारे जिंकता आली. नवे घडवण्याच्या लढाईत पोथी साक्षीला येत नाही. तेथे प्रयोगशाळाच लागते.

पुन्हा निळ्याचाच प्रश्न

ती लढाई आज आपल्या खिशात चालू आहे. १९७७ साली जपानचे हिदेकी शिराकावा आणि अमेरिकेतील अॅलन मॅकडायर्मिड व अॅलन हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन या लांबच लांब संयुग्मी साखळीला आयोडीनची वाफ दिली आणि तिची विद्युतवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. प्लास्टिक वीज वाहू लागले! २००० सालचे नोबेल त्यांना मिळाले. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय द्रव्याच्या अतिशय पातळ थरातून वीज सोडून हिरवा प्रकाश मिळवला. १९९० साली केंब्रिजमध्ये संयुग्मी बहुवारिकातूनही प्रकाश निघाला. यातून ओएलईडी पडदा जन्मला.

त्याचे तत्त्व आपण आताच पाहिले. निळीचा रेणू प्रकाश गिळून इलेक्ट्रॉनाला वरच्या पायरीवर चढवतो. येथे वीज त्याला वर चढवते आणि खाली उतरताना तो प्रकाश देतो. पायरी किती उंच, यावर रंग ठरतो. त्यामुळे रसायनज्ञ साखळी लांब-आखूड करून, वलये जोडून हवा तो रंग मागू शकतो. अशी वलये पॅलेडियमच्या साह्याने जोडण्याच्या पद्धतींसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० चे नोबेल मिळाले. गंमत पाहा, या पडद्यांत आजही सर्वांत अवघड रंग निळाच आहे. निळ्याची पायरी सर्वांत उंच, ऊर्जा जास्त. त्यामुळे निळा प्रकाश देणारे रेणू लाल आणि हिरव्याच्या मानाने लवकर झिजतात. टिकाऊ निळा रेणू जो घडवील, त्याच्याकडे जगाचे उद्योग रांग लावतील.

आज आपल्या देशात मोबाइलची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ओएलईडी पडद्यांचे मोठे कारखाने प्रामुख्याने दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये आहेत. आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे, अनेक संस्थांत या रेणूंवर संशोधन चालू आहे. बीज आहे, त्याचे शेत व्हायचे आहे.

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेक जण माझ्यासारखेच सामान्य नागरिक आहेत. आपण रेणू घडवणार नाही. पण ज्या घरातून तो घडवणारा मुलगा किंवा मुलगी निघायची, ते घर आपले आहे. मुलगा रसायनशास्त्रात संशोधन करतो म्हणाला की, "त्यात पुढे काय?" असे विचारणारे आपणच असतो. बायर यांच्या अठरा वर्षांत पंधराव्या वर्षी कोणी तसे विचारले असते, तर? आपल्या वस्तीतील शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप वर्षातून किती वेळा उघडते, हेही एकदा जाऊन पाहावे. शाखेतले, मंडळातले, भजनी मंडळातले चार जण मिळून एका शाळेला काचसामान आणि रसायने देऊ शकतात. त्याला फार मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. हळदीचा डाग, साबण आणि एक टॉर्च घेऊन मुलांना समोर बसवा. त्यांनी "असे का होते?" विचारले तर "तसे असतेच" म्हणून गप्प करू नका. आपल्या पूर्वजांनी हा रंग ओळखला, जपला, कपाळाला लावला. तो का उमटतो, हे शोधण्याचे काम आपल्या पिढ्यांकडून राहून गेले आणि त्याची किंमत चंपारणच्या कुळांनी खंडातून आणि तावानातून भरली. पुढच्या रेणूची किंमत आपल्या नातवंडांना भरावी लागू नये.